शाळेच्या वार्तापत्रात सहभागी होताना



बारामतीलगतच्या जळोचीतील एखाद्या मुलाला ‘तू वार्ताहर हो’ असे म्हटले, तर तो बहुधा लाजून हसेल. वर्तमानपत्र ही मोठ्या शहरांतली गोष्ट, असा आपला समज असतो. तो खरा नाही. ‘निरोप्या’ हे आपले मासिक १९०३ साली फादर हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील ग्रामीण मिशनकार्यात असताना सुरू केले. पुढे ते पुणे धर्मप्रांताचे महागुरुस्वामी झाले.

आपल्या मराठी शाळांतही भित्तिपत्रक, हस्तलिखित आणि वार्षिक अंक यांची परंपरा जुनी आहे. त्यात प्रवेश कसा मिळवावा?

प्रथम वर्गशिक्षकांना किंवा मराठीच्या शिक्षकांना भेटावे. जून महिन्यात शाळा सुरू होताच विचारणे उत्तम. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. स्वतः पाहिलेल्या एखाद्या गोष्टीवर शंभरेक शब्द लिहून न्यावेत. नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन, शाळेच्या वेळेला न येणारी एसटी, ऊसतोडणी कामगारांच्या मुलांचे शिक्षण, असे विषय आपल्या अवतीभवतीच आहेत. कोण, काय, कधी, कुठे, का आणि कसे या सहा प्रश्नांची उत्तरे मिळाली की बातमी उभी राहते.

ज्याला लेखन जमत नाही, त्यानेही मागे राहू नये. सुवाच्य अक्षर, चित्रकला, मुलाखतीसाठी प्रश्न काढणे, शुद्धलेखन तपासणे, ही सारी कामे अंकाला तितकीच आवश्यक असतात. शाळेत असा उपक्रमच नसेल, तर चार-पाच मित्रांनी मुख्याध्यापकांची परवानगी घ्यावी आणि एका शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली भित्तिपत्रकापासून आरंभ करावा. एक मोठा कागद आणि फळ्याशेजारची थोडी जागा एवढे भांडवल पुरते.

मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळावे. ऐकीव गोष्ट छापू नये. नाव, तारीख व आकडा पुन्हा विचारून खात्री करून घ्यावी. वर्गमित्राच्या घरची अडचण, त्याची जात वा त्याचे अपयश हा बातमीचा विषय नव्हे. अत्याचारास बळी पडलेल्या बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानेही मनाई आहे. चूक झालीच, तर पुढच्या अंकात ती मोकळेपणाने मान्य करावी. भिंतीवरचा कागद आठवड्याने उतरतो. पण त्याने दुखावलेले मन वर्षानुवर्षे तसेच राहते. आठवी आज्ञा लेखणीलाही लागू आहे.

सत्यासाठी केवढी किंमत मोजावी लागते, हे डच कार्मेलाइट धर्मगुरू व पत्रकार संत टायटस ब्रँड्समा यांनी दाखवून दिले. नाझी प्रचार छापू नका, असे त्यांनी कॅथलिक वृत्तपत्रांना बजावले. त्यासाठी त्यांना अटक झाली आणि १९४२ साली डाखाऊच्या छळछावणीत त्यांना मारण्यात आले. पोप फ्रान्सिस यांनी १५ मे २०२२ रोजी त्यांना संतपद बहाल केले.

आपल्या मुलांपुढे असा प्रसंग न येवो. पण खोटे छापण्यास नकार देण्याची सवय शाळेच्या भिंतीपाशीच लागते. म्हणून पालकहो, ‘अभ्यास सोडून हे काय?’ असे म्हणू नका. त्याने लिहिलेला पहिला मजकूर जेवणाच्या वेळी सर्वांसमोर वाचायला सांगा. पत्रकारांचे आश्रयदाते संत फ्रान्सिस द सेल्स आपल्या बालवार्ताहरांसाठी प्रार्थना करोत.