ग्रीष्मातील परसबाग आणि द्रव्याची ओळख

वैशाखाच्या उन्हाने माळराने करपून जातात, विहिरींचे पाणी तळ गाठते आणि नेमक्या याच दिवसांत घराभोवतीच्या बागेत मोगरा, बहावा, शिरीष बहरास येतात. हा निसर्गक्रम आपल्या आचार्यांच्या दृष्टीतून सुटलेला नाही. ग्रीष्म ऋतुचर्येत वाग्भटाचार्यांनी मल्लिकेच्या माळा धारण करण्यास आणि पाटलापुष्पांनी सुगंधित केलेले कर्पूरयुक्त शीतल जल पिण्यास सांगितले आहे. मल्लिका म्हणजे आपला मोगरा आणि पाटला म्हणजे दशमुळांतील पाडळ. दाह व तृष्णा यांनी पीडित अशा ऋतूत त्यांचे प्रयोजन वैद्यांना वेगळे सांगावयास नको.

तथापि वैद्य आणि औषधनिर्माते यांच्या दृष्टीने ग्रीष्मातील फुलांचे आणखी एक मोल आहे, आणि त्याकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. फूल हा वनस्पतीच्या ओळखीचा सर्वांत भरवशाचा पुरावा होय. बाजारातून आपल्याकडे साल येते, मूळ येते, चूर्ण येते. फूल मात्र येत नाही. म्हणूनच द्रव्याची अदलाबदल सहज खपून जाते. ज्या वृक्षाचे फूल आपण स्वतः पाहिले, त्याच्याच सालीचा तुकडा हाती असेल, तर आलेल्या मालाची तुलना करण्यास एक निश्चित माप मिळते.

अशोक : स्त्रीरोगांत अशोकारिष्टाचा वापर आपण नित्य करतो. परंतु शहरांतील रस्त्यांच्या कडेने उभा असलेला उंच, सरळ ‘अशोक’ हा औषधी अशोक नव्हे. तो सीताफळाच्या कुळातील वृक्ष असून त्याची पाने साधी व लहरी कडांची, तर फुले फिकट हिरवट आणि चांदणीसारखी असतात. खऱ्या अशोकाचे पान संयुक्त असते, कोवळी पालवी ताम्रवर्णी व लोंबती असते आणि फुलांचे गुच्छ प्रथम नारिंगी, पुढे लालसर होतात. दोहोंची फुले शेजारी ठेवली असता शंकेस जागाच उरत नाही. वाळलेल्या सालींचे तुकडे पोत्यात एकत्र झाले की मात्र अनुभवी माणूसही फसतो, आणि त्याचे फळ अखेर रुग्णेस भोगावे लागते.

शिरीष : चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचविसाव्या अध्यायात विषघ्न द्रव्यांमध्ये शिरीषास अग्रस्थान दिलेले आहे. त्याचे फूल पांढरट-हिरवट, रेशमी तंतूंचे आणि सुगंधी असते. शेंग चपटी, वाळल्यावर पिवळसर व वाऱ्याने खुळखुळणारी असते. आपल्याकडे सावलीसाठी लावला जाणारा, गुलाबी फुलांचा विस्तीर्ण वृक्षही अनेक जण शिरीष म्हणूनच ओळखतात. तो ‘विलायती शिरीष’ मूळचा अमेरिका खंडातील असून त्याची शेंग जाड, काळपट व चिकट गराची असते. नाव एक, वृक्ष दोन; निवाडा फुलाने आणि शेंगेने करावा.

नागकेशर : येथे फूल हेच औषध आहे. शास्त्रसंमत नागकेशर म्हणजे पांढऱ्या, चार पाकळ्यांच्या फुलातील सोनेरी पुंकेसर. बाजारात ‘तांबडे नागकेशर’ म्हणून मिळणाऱ्या गोल, देठासहित कळ्या बहुधा सुरंगीच्या असतात. सुरंगी त्याच कुळातील, कोकणात गजऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेली. तिचा सुगंध मनोहर असला तरी रक्तार्शात किंवा चातुर्जातात योजावयाचे द्रव्य ते नव्हे. दुकानदारांनी मागणी नोंदवताना ‘पुंकेसर’ असा स्पष्ट उल्लेख करावा आणि पोते उघडल्यावर कळ्या दिसल्यास माल परत करावा.

बहावा : पिवळ्या झुंबरांनी लगडलेला हा वृक्ष ओळखण्यास सोपा. मृदुविरेचक द्रव्यांत चरकाचार्यांनी यासच श्रेष्ठ मानले आहे. फुलोरा आला असताना गतवर्षीच्या काळ्या, पक्व शेंगाही झाडावर लोंबत असतात. अशा परिपक्व शेंगा सात दिवस वाळूत ठेवून, नंतर उन्हात सुकवून मगज काढावा, असा विधी कल्पस्थानात सांगितला आहे. ज्यांच्या अंगणात बहावा आहे, त्यांनी जुना, किडका मगज विकत घेण्याचे कारण नाही.

आता प्रत्यक्ष कृतीविषयी. फुललेली, पाने, कळ्या व शक्य तर शेंग असलेली वीतभर डहाळी घ्यावी. ती वर्तमानपत्राच्या कागदांत पसरून वजनाखाली दाबावी आणि पहिले काही दिवस कागद रोज बदलावेत. पूर्ण सुकल्यावर जाड कागदावर चिकटवून संस्कृत, मराठी व शास्त्रीय नाव, स्थान आणि दिनांक लिहावा. त्याच झाडाच्या सालीचा लहानसा तुकडा काचेच्या बरणीत शेजारी ठेवावा. नावाविषयी शंका असल्यास जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागाचा किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातील पश्चिम क्षेत्रीय केंद्राचा सल्ला घ्यावा.

यात एक मर्यादा पाळणे अगत्याचे आहे. अशोकाची गणना आंतरराष्ट्रीय सूचीत संकटप्रवण जातींमध्ये झालेली आहे. नमुन्यासाठी बोटभर साल पुरते. खोडाची साल सभोवार सोलली असता वृक्ष मरतो. शक्य त्याने एक तरी रोप लावावे.

२००० साली आलेल्या शेड्यूल टी अन्वये कच्च्या द्रव्याची ओळख तपासणे आणि तिची नोंद ठेवणे हे उत्पादकांचे कर्तव्य ठरले आहे. परंतु कायद्याच्या आधीपासून हे वैद्याचे कर्तव्य आहेच. औषधीचे नाम व रूप जाणणाऱ्यालाच तिच्या योजनेचा अधिकार पोहोचतो. पहिल्या वळवाच्या सरीने हा बहर झडून जाईल. तत्पूर्वी प्रत्येक वैद्यबंधूने व औषधालयचालकाने आपल्या बागेतील निदान एका वृक्षाचा नमुना सिद्ध करावा, ही नम्र विनंती.