डोंगर आणि डफ

'शाहीर' हा मराठी शब्द ऐकून तुम्हांला कोणता शब्द आठवतो? 'शाइर' ना? तोच तो! अरबी-फारसीतून तो मराठीत आला आणि इथलाच झाला. शाहिराच्या हातातील डफ म्हणजे आपला 'दफ'च. मग शाहीर जो पोवाडा गातो, तो आपल्याला परका कसा वाटेल?

पोवाडा म्हणजे पराक्रमाचे गाणे. शाहीर उभा राहून डफावर थाप देतो. त्याच्या मागे झीलकरी असतात. ते तुणतुणे व झांज वाजवतात आणि 'जी जी' म्हणत सूर धरतात. मध्येच शाहीर गाणे थांबवतो आणि कथा बोलून पुढे नेतो. ऐकणाऱ्याला लिहिता-वाचता येत नसले तरी काही अडत नाही.

आपली कन्हेरी बारामतीजवळ, सपाटीवर. पोवाड्यांतील उंच कडे इथून दूर, पश्चिमेला सह्याद्रीत आहेत. त्यांतलाच एक सिंहगडाचा डोणागिरीचा कडा. १६७० साली फेब्रुवारीतील एका रात्री तानाजी मालुसरे आपल्या मावळ्यांसह तो चढून गेले. गड जिंकला, पण तानाजी कामी आले. त्यावर तुळशीदास शाहिराने पोवाडा रचला. त्यात यशवंती नावाची घोरपड दोर घेऊन कडा चढते. केवढी सुंदर कल्पना! पण ही घोरपड खरी होती का? शिवाजी महाराजांच्या पदरी असलेल्या कृष्णाजी अनंत सभासदांनी पुढे बखर लिहिली. तिच्यात घोरपड नाही. मावळे स्वतःच कडा चढतात. म्हणून तारीख हवी असेल तर कागदपत्रे पाहावीत. त्या काळोखात चढणाऱ्यांची छाती किती धडधडली असेल, हे मात्र पोवाड्यातच कळते.

दूर स्कॉटलंडच्या डोंगरांतही असेच घडले. १७४६ साली कलोडनच्या लढाईत हरलेला राजपुत्र चार्ल्स दासीच्या वेषात होडीतून स्काय बेटावर निसटला. त्यावरचे आज सर्वांना ठाऊक असलेले गीत मात्र एकोणिसाव्या शतकात लिहिले गेले! आपले पोवाडे पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आले. ॲक्वर्थ नावाचे इंग्रज अधिकारी व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ते गोळा करून १८९१ मध्ये छापले. नाहीतर कितीतरी हरवले असते.

आता आपल्या परिसरातील दोन शाहिरांची ओळख करून घेऊ. बारामतीहून मोरगावमार्गे पुण्याला जाताना जेजुरी लागते. पेशवाईच्या अखेरच्या काळातील नामवंत शाहीर सगनभाऊ तिथले. ते मुसलमान होते. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरातले. त्यांच्या लावण्याही प्रसिद्ध आहेत.

दुसरे शाहीर अमर शेख. त्यांचे मूळ नाव महबूब हुसेन पटेल. १९१६ साली बार्शीत त्यांचा जन्म झाला. ते गिरणीत कामगार होते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या पहाडी आवाजाने मैदाने भरत. अण्णा भाऊ साठे त्यांचे सोबती होते. त्यांच्या गाण्यांत राजेरजवाड्यांची जागा कष्टकरी माणसाने घेतली. डफ तोच राहिला. १९६९ मध्ये इंदापूरजवळ मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. इंदापूर म्हणजे आपला शेजारचाच तालुका.