लॉजची खोली नवी करताना

कारंजा लाडचे गुरुमंदिर, शिरपूरची जैन मंदिरे, पोहरादेवी यांमुळे वाशिम जिल्ह्यात बाहेरगावची कुटुंबे येतात. समृद्धी महामार्ग 2022 मध्ये शिर्डीपर्यंत खुला झाल्यापासून ती दर्शन घेऊन त्याच दिवशी पुढेही निघतात. मुक्काम करवून घ्यायचा तर खोली धड हवी.

लॉजमालक अशा वेळी जुने सागवानी पलंग भंगारात काढून पार्टिकल बोर्डचे आणतात. आमच्या मते हा तोट्याचा सौदा आहे; ओल लागली की बोर्ड फुगतो, स्क्रू धरत नाही. सागवानी पलंगाचे सांधे आपल्या सुताराकडून कसून घ्यावेत, ढेकणांच्या फटी बुजवाव्यात. लाखेच्या पॉलिशवर पाण्याचे पांढरे डाग पडतात, म्हणून लॉजला मेलामाइन बरे. गादीचा कापूस पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यावा. भिंतीची ओल मात्र सर्वांआधी काढावी.

कारागीर बांधवांनीही मजुरी आणि तारीख लेखी द्यावी. यात्रा उद्यावर आणि पॉलिश ओले, असे आम्ही पाहिले आहे. असा मालक पुढच्या वेळी तयार फर्निचरच्या दुकानातच जातो.