यलोनाइफ : थंडी पडली की रस्ता उघडतो

डिसेंबर सरत आला की यलोनाइफमधल्या लोकांचं लक्ष गावासमोरच्या तळ्याच्या खाडीकडे लागतं. पलीकडच्या काठावर डेट्टा हे गाव आहे, यलोनाइव्ह्ज डेने या इथल्या मूळ रहिवाशांचं. एरवी गाडीने डेट्टाला जायचं तर खाडीला वळसा घालून २७ किलोमीटर पडतात. बर्फ पुरेसा धरला की सरकारी माणसं जागोजागी भोकं पाडून त्याची जाडी मोजतात, यंत्रांनी वरचं हिम बाजूला सारतात आणि एके दिवशी रस्ता खुला झाल्याचं जाहीर होतं. त्या दिवसापासून डेट्टा साडेसहा किलोमीटरवर येतं. हा रस्ता म्हणजे काळसर निळा, काचेसारखा बर्फ. त्यात खोलवर गेलेल्या पांढऱ्या चिरा दिसतात, वर येता येता गोठून गेलेले हवेचे बुडबुडे दिसतात आणि त्याखाली नुसता काळोख असतो. त्यावरून मोटारी आणि पिकअप रोजच्यासारखे ये-जा करत राहतात.

आपल्याकडे हवा बिघडली की घाट बंद होतो, पूल पाण्याखाली जातो. यलोनाइफमध्ये पारा उतरला की रस्ते सुरू होतात. या गावाची ओळख करून घ्यायची तर हे आधी ध्यानात घ्यायला हवं, कारण इथली घरं, मासेमारी, खाणी आणि ट्रक या सगळ्याचा हिशेब इथूनच सुरू होतो.

कॅनडाच्या वायव्य प्रदेशाची ही राजधानी. वस्ती सुमारे वीस हजार, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. १९३०च्या दशकात इथे सोनं सापडलं आणि खडकावर गाव उभं राहिलं. १९६७ मध्ये ते राजधानी झालं. त्लिचो या इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत त्याला ‘सोंबाके’ म्हणतात, पैशाची जागा. ‘यलोनाइफ’ हे नाव मात्र सोन्यावरून आलेलं नाही. इथले डेने तांब्याच्या सुऱ्या वापरत, त्या पिवळसर पात्यांवरून ते पडलं. समोर पसरलेला ग्रेट स्लेव्ह लेक सुमारे २७ हजार चौरस किलोमीटरचा, त्यात सात गोवे मावतील. खोली ६१४ मीटर, उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याही तळ्यापेक्षा जास्त. नोव्हेंबरपासून हे एवढं पाणी गोठू लागतं आणि पुरतं मोकळं व्हायला जून उजाडतो.

जानेवारीत सरासरी तापमान उणे २५च्या आसपास असतं, उणे चाळीसचे दिवसही येतात. डिसेंबरच्या मध्यावर दिवस जेमतेम पाच तासांचा. अशा थंडीत गाडी कशी चालते, हे पाहायचं तर कुठल्याही घरासमोर उभं राहावं. गाडीच्या पुढच्या जाळीतून एक वायर बाहेर लोंबत असते आणि तिच्या टोकाला आपल्या इस्त्रीला असते तशी पिन. घराच्या भिंतीवर, कार्यालयाच्या आवारात, दुकानाच्या पार्किंगमध्ये प्लग असतात. गाडी लावली की पिन खोचायची. बोनेटखालचा हीटर इंजिन कोमट ठेवतो. तो नसेल तर तेल काकवीसारखं घट्ट होतं, बॅटरीचा जीव निम्मा होतो आणि सकाळी किल्ली फिरवली तरी इंजिन हूं की चूं करत नाही. रात्रभर एका जागी उभ्या राहिलेल्या टायरचा जमिनीला टेकलेला भाग सपाट होऊन बसतो. मग पहिला किलोमीटरभर गाडी बैलगाडीसारखी धडधडते, हळूहळू टायर ऊब धरून पुन्हा गोल होतो.

जुन्या गावात, ओल्ड टाउनमध्ये, अजून टँकर फिरतो. सगळा कातळ असल्याने तिथे जमिनीखालून नळ नेणं अवघड, आणि वरून नेले तर ते गोठतात. म्हणून अनेक घरांना पाणी टँकरने येतं, सांडपाणीही टँकरच उपसून नेतो. आपण टँकर म्हटलं की डोळ्यासमोर एप्रिल-मेचं तापलेलं गाव येतं. इथे जगातल्या सर्वांत मोठ्या गोड्या तळ्यांपैकी एकाच्या काठावर, ऐन थंडीत, दाराशी टँकर उभा असतो.

याच ओल्ड टाउनसमोर, जॉलिफ बेटाच्या आसपास, खाडीत घरं तरंगतात. लाल, पिवळ्या, निळ्या रंगांची, तराफ्यावर बांधलेली. ना विजेची तार, ना नळ. छतावर सौर पट्ट्या, कोपऱ्यात लाकडाची शेगडी, स्वयंपाकाला गॅस. उन्हाळ्यात माणसं छोट्या नावेने किंवा कनूने कामावर जातात. हिवाळ्यात घर बर्फात जागच्या जागी घट्ट बसतं आणि तिथवर थेट गाडी नेता येते. लाकूडफाटा, गॅसच्या टाक्या, जड सामान हे सगळं याच दिवसांत दारात आणून टाकायचं. बाहेरच्याला वाटतं, या लोकांचे हाल जानेवारीत होत असतील. त्यांचे खरे कठीण दिवस ऑक्टोबर-नोव्हेंबरचे आणि मे महिन्याचे. तेव्हा नाव चालवावी एवढं पाणी मोकळं नसतं आणि पाऊल टाकावं एवढा बर्फ भरवशाचा नसतो.

बर्फाचा भरवसा सेंटिमीटरमध्ये मोजतात. नितळ, नवा बर्फ दहा सेंटिमीटर झाला की माणूस चालू शकतो. मोटारीला तीस तरी लागतात, ट्रकला त्याहून जास्त. पण सगळा बर्फ सारखा नसतो. नितळ, निळसर-काळा बर्फ मजबूत. हिम भिजून गोठलेला पांढरा बर्फ जवळपास निम्म्या ताकदीचा. जिथे पाणी वाहतं, तिथे वरून सारखं दिसलं तरी जाडी कमी भरते. वर हिमाचा थर साचला तर तो गोधडीचं काम करतो आणि खालचा बर्फ वाढतच नाही. म्हणून रस्ता करायचा म्हणजे आधी हिम झाडायचं आणि थंडीला आत शिरू द्यायचं.

मासेमारीचा मोसम इथे थंडीत थांबत नाही. पाणी चार अंशांना सर्वांत जड असतं. त्यामुळे गोठणारं थंड पाणी वर राहतं आणि बर्फाच्या छताखाली तळं जिवंत असतं. व्हाइटफिश, लेक ट्राउट, पाइक असे मासे तिथे मंद गतीने फिरत असतात. हौशी माणूस मोठ्या गिरमिटाने वीतभर रुंदीचं भोक पाडतो, झाऱ्यासारख्या पळीने त्यातला चुरा काढतो आणि गळ सोडून बसतो. दर थोड्या वेळाने तो झारा पुन्हा फिरवावा लागतो, कारण भोक मिटायला टपलेलं असतं.

पोटासाठी मासे धरणाऱ्यांचं काम मात्र जाळ्याचं, आणि ते पाहण्यासारखं आहे. अखंड बर्फाखाली शंभर मीटर लांब जाळं पसरायचं कसं? पूर्वी डेने लोक ओळीने भोकं पाडत आणि लांब काठी एका भोकातून दुसऱ्याकडे ढकलत नेत. पुढे कोळ्यांच्या हाती एक साधं, विलक्षण यंत्र आलं, त्याला जिगर म्हणतात. पुरुषभर लांबीची लाकडी फळी, मध्ये खाच, खाचेत बिजागरीवर हलणारा लोखंडी दांडा आणि मागे दोरी. भोकातून ही फळी आत सोडली की ती तरंगून बर्फाच्या खालच्या बाजूला चिकटते. दोरी ओढली की दांड्याचं टोक वरच्या बर्फाला रेटा देतं आणि फळी हातभर पुढे सरकते. दोरी सैल सोडायची, पुन्हा ओढायची. खट्, खट्, खट् असा आवाज बर्फाखालून येत राहतो. एक जण भोकापाशी दोरी ओढतो; दुसरा कान देऊन, खाली पाहत, त्या आवाजामागे बर्फावरून चालत जातो. हव्या त्या अंतरावर आवाज थांबला की तो बरोबर तिथे कुऱ्हाड घालतो, फळी बाहेर काढतो, आणि तिच्यामागे आलेल्या दोरीला बांधून जाळं आत ओढलं जातं. वरची किनार बोयांनी उचललेली, खालची वजनांनी ताणलेली, अशी भिंत पाण्यात उभी राहते.

जाळं काढताना हातमोजे कामाचे नाहीत. कल्ल्यांत अडकलेला धागा बोटांनीच सोडवावा लागतो. बाहेर उणे तीस असताना पाणी शून्याच्या किंचित वर असतं. म्हणून बोटं बधिर झाली की कोळी हात पुन्हा पाण्यात बुडवतात, हवेपेक्षा ते पाणी ऊबदार लागतं. बाहेर टाकलेला मासा एक-दोन उड्या मारतो आणि पाहता पाहता लाकडासारखा कडक होतो. त्याला वेगळ्या बर्फपेटीची गरज पडत नाही. या तळ्यावर व्यापारी मासेमारी १९४५ मध्ये सुरू झाली. दक्षिण काठावरचं ‘हे रिव्हर’ हे तिचं मुख्य बंदर, आणि १९६४ मध्ये तिथवर रेल्वे पोचली. या व्यापाराच्या कितीतरी पिढ्या आधीपासून डेने कुटुंबं स्वतःसाठी आणि स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांसाठी याच पाण्यातून मासा काढत आली आहेत. कुत्र्यांना मासा नसेल तर प्रवास नाही, इतका तो गरजेचा होता.

आता ट्रक. यलोनाइफहून पूर्वेला सत्तरेक किलोमीटरवर बारमाही रस्ता संपतो आणि टिबिट तळ्यापासून उत्तरेच्या हिरेखाणींकडे जाणारा हिवाळी रस्ता सुरू होतो. सुमारे चारशे किलोमीटर, त्यातला बहुतेक भाग गोठलेल्या तळ्यांवरून. जानेवारीच्या अखेरीस तो उघडतो आणि मार्चअखेर बंद होतो. खाणींना वर्षभर लागणारं डिझेल, सिमेंट, स्फोटकं, टायर, यंत्रांचे भाग हे जड सामान त्या आठ-दहा आठवड्यांतच न्यायचं. एकाती खाण १९९८ मध्ये सुरू झाली, डायव्हिक २००३ मध्ये. २००७च्या मोसमात या रस्त्यावरून दहा हजारांहून अधिक खेपा गेल्या. जगातले बहुतेक कच्चे हिरे पैलू पाडायला सुरतेला येतात आणि मुंबईच्या हिरेबाजारातून त्यांची देवघेव होते. म्हणून हा रस्ता आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही.

भरलेल्या ट्रकला तळ्यावर ताशी २५ किलोमीटरची मर्यादा, आणि किनाऱ्याजवळ अवघी दहाची. कारण असं, की ट्रकच्या वजनाने बर्फ किंचित वाकतो आणि खालच्या पाण्यात एक लाट उठते. ती ट्रकबरोबर पुढे सरकते. वेग वाढला तर लाट फुगते, किनाऱ्यावर आपटून मागे फिरते आणि बर्फ खालून फोडते. बर्फ कडाडला म्हणून जुना ड्रायव्हर घाबरत नाही, थंडीत आवळणारा बर्फ आवाज करतोच. त्याचं लक्ष असतं वर आलेल्या पाण्याकडे. रस्त्याची देखभाल करणारे रडारने जाडी तपासत फिरतात आणि कमी भरली तिथे पाणी ओतून नवा थर गोठवतात. जड ट्रकांना सुमारे मीटरभर बर्फ लागतो. तासन् तास २५च्या वेगाने, पांढऱ्यावर पांढरं पाहत, झोप येऊ न देता जाणं हे या कामातलं खरं कष्टाचं. टीव्हीवरच्या ‘आइस रोड ट्रकर्स’ने २००७ मध्ये हा रस्ता जगाला दाखवला, पण त्यातल्या थरारापेक्षा मला ती सबुरी मोठी वाटते. या वाटा आखणाऱ्यांतला एक अग्रणी होता जॉन डेनिसन. आधी पोलिसात असलेल्या या माणसाने १९५० आणि ६०च्या दशकांत उत्तरेच्या खाणींपर्यंत बर्फावरून ट्रक नेऊन दाखवले.

या गावाची एक दुखरी बाजूही थंडीशीच बांधलेली आहे, आणि ती टाळून यलोनाइफवर लिहिणं मला बरोबर वाटत नाही. १९४८ ते २००४ चाललेल्या जायंट खाणीत सोनं काढताना खनिज भाजलं जाई आणि त्यातून आर्सेनिक बाहेर पडे. सुरुवातीच्या वर्षांत ते धुराड्यातून थेट हवेत जाई आणि हिमावर पडे. काठावरची डेने कुटुंबं हिम वितळवून पाणी पीत. १९५१ मध्ये त्यातून एका लहान मुलाचा जीव गेला. पुढे पकडून साठवलेली २ लाख ३७ हजार टन आर्सेनिक पूड आजही खाणीखालच्या पोकळ्यांत पडून आहे. पाणी शिरू नये म्हणून तिच्याभोवतीचा खडक कायमचा गोठवून ठेवण्याचं काम हाती घेतलं आहे. त्यासाठी जमिनीत नळ्या उतरवतात, आणि त्या हिवाळ्याची थंडी खाली पोचवतात. पिढ्यान् पिढ्या ते विष जागेवर राहावं, म्हणून या गावाला हिवाळा हवा आहे.

आणि तोच आता हुलकावणी देतो. २००६चा हिवाळा इतका नरम गेला, की हिरेखाणींकडचा रस्ता लवकर बंद करावा लागला आणि उरलेलं सामान विमानांनी न्यावं लागलं. गावाची दक्षिणेची वाटही पूर्वी अशीच थंडीवर अवलंबून होती. तिकडून येणारा एकमेव महामार्ग मॅकेन्झी नदी ओलांडतो. तिथे उन्हाळ्यात फेरीबोट आणि हिवाळ्यात बर्फाचा पूल, अशी सोय होती. मधल्या आठवड्यांत दोन्ही बंद पडत, ट्रक काठावर अडकत, आणि दूध-भाजी विमानाने येऊन महाग होई. नोव्हेंबर २०१२ मध्ये डेह चो पूल झाला आणि ती अडचण संपली. ऑगस्ट २०२३ मध्ये वणवा गावाच्या दिशेने सरकला तेव्हा जवळपास सगळं गाव रिकामं करावं लागलं. हजारो गाड्या याच एका रस्त्याने, याच पुलावरून दक्षिणेला गेल्या. पुढच्या वर्षी नदीचं पाणी इतकं उतरलं, की ‘हे रिव्हर’हून खालच्या वस्त्यांना सामान नेणारे मालतराफे निघूच शकले नाहीत.

मार्चमध्ये खाडीवर हिमाचा किल्ला उभा राहतो. १९९६ पासून ही प्रथा आहे. त्याच्या खिडक्यांना तळ्यातून कापलेल्या नितळ बर्फाच्या काचा असतात, आत गाणी होतात, मुलं घसरगुंडीवरून सुटतात. एप्रिलमध्ये किल्ला पाडतात, डेट्टाचा रस्ता बंद होतो आणि पुन्हा २७ किलोमीटर. मग मे येतो. तरंगत्या घरातला माणूस सकाळी कामावर निघताना कनूच्या कडेला धरतो, एक पाय आत ठेवतो आणि दुसऱ्या पायाने बर्फाला रेटा देत तिला पुढे सरकवतो. पायाखालचा बर्फ आता पांढरा, पोकळ, उभ्या सुयांसारखा झालेला असतो. तो खचला तर माणूस कनूत असतो. मोकळ्या पाण्याची पट्टी लागली की तो वल्हं मारतो, पुढे बर्फ आला की पुन्हा उतरून ओढतो. संध्याकाळी परत येतो, तेव्हा सकाळची वाट तिथे नसते.