खुनी आधीच ठाऊक असेल तर?

रहस्यकथेची जडणघडण : भाग 5

मागच्या आठवड्यात सुगावे कसे पेरायचे ते पाहिलं. त्यापाठोपाठ प्रश्न येतोच, की इतकी वर्षं मळलेल्या या वाटेवर नवं काय करायचं? नवोदित लेखक बहुधा सजावट बदलतो. गुप्तहेराला चमत्कारिक सवय लावतो, खून विमानात नाहीतर किल्ल्यावर घडवतो. वाचकाच्या मनातला ‘कोणी केलं?’ मात्र जागचा हलत नाही, आणि त्याला सरावलेला वाचक दहाव्या पानावरच संशयितांची यादी मांडून बसतो. हा प्रश्नच बदलला, की कथा खरी ताजी होते असं माझं ठाम मत आहे.

ऑस्टिन फ्रीमन या इंग्रज लेखकानं 1912 साली ‘द सिंगिंग बोन’ या कथासंग्रहात ते धाडस केलं. त्यातली ऑस्कर ब्रॉडस्कीची कथा दोन भागांत आहे. पहिल्या भागात सायलस हिकलर घरी आलेल्या ब्रॉडस्की या हिऱ्यांच्या व्यापाऱ्याला मारतो आणि अपघात वाटावा म्हणून प्रेत रेल्वेच्या रुळांवर नेऊन टाकतो. सगळं आपल्या डोळ्यांदेखत. झटापटीत व्यापाऱ्याचा चष्मा फुटलेला असतो. हिकलर काचा वेचून घेतो आणि रुळांपाशी पसरतो. दुसऱ्या भागात फ्रीमनचा गुप्तहेर डॉ. थॉर्नडाइक त्याच काचा गोळा करून चिकाटीनं जुळवत बसतो, तर काही तुकडे चष्म्याचे नाहीतच! ते पेल्याचे आहेत. म्हणजे चष्मा रुळांवर फुटलेला नाही, कुठल्यातरी घरात फुटलाय. खुनी कोण हे ठाऊक असूनही आपण श्वास रोखून वाचतो, कारण आता डोक्यात एकच घोळत असतं : हा सापडणार कसा?

यातून लेखकाच्या हाती आणखी एक मोठी गोष्ट येते. सगळं सांगून टाकलंय असं वाटलं, की वाचक संशय घेणं सोडतो. मग एखादी गोष्ट त्याच्या नाकासमोर लपवता येते. जीतू जोसेफ यांचा मल्याळम चित्रपट ‘दृश्यम’ (2013) आणि निशिकांत कामत यांनी 2015 मध्ये हिंदीत, गोव्याच्या पार्श्वभूमीवर केलेला त्याचा अवतार आठवा. काय घडलं ते आपण पाहिलेलं असतं. 2 ऑक्टोबरला नायकाचं कुटुंब, ते सांगतं त्याप्रमाणे, पणजीला होतं की नव्हतं, हेही आपल्याला पक्कं ठाऊक असतं. तरीही शेवटच्या मिनिटांत कळतं, की एक गोष्ट आपल्याला दाखवलीच नव्हती. केइगो हिगाशिनोंची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ ही 2005 सालची जपानी कादंबरी याहून पुढे जाते. तिचा शेवट इथे फोडत नाही. वाचाच, आणि संपल्यावर सुरुवातीची प्रकरणं लगेच पुन्हा वाचा.

एक पथ्य पाळा. प्रश्न बदलला तरी बाकीची चौकट शाबूत ठेवा. तपास खरा हवा, पुरावा वाचकासमोर आलेला हवा. सगळंच मोडलं तर आपण काय मोडलंय हेच वाचकाला कळत नाही.

आता हाती असलेली कथा घ्या आणि शेवटच्या पानावरचा उलगडा उचलून पहिल्या पानावर आणा. समजा, वाईच्या एका वाड्यात मृत्युपत्र बदललं गेलंय. पुतण्यानं ते बदललं हे शेवटी सांगायचं तुम्ही ठरवलं होतं. त्याऐवजी पहिल्याच प्रसंगात त्याला कंदिलाजवळ बसून काकांची देवनागरी सही गिरवताना दाखवा. सही हुबेहूब जमते. दुसऱ्या प्रसंगात आत्या जुनी पेटी उघडते. आतल्या प्रत्येक कागदावर काकांनी मोडीत सही केलेली आहे, आणि घरात मोडी वाचता येते ती फक्त आत्याला. मृत्युपत्र अजून वकिलांकडे आहे, आत्यानं ते पाहिलेलं नाही. इथून पुढची दहा पानं या आठवड्यात लिहून काढा.