पंपाची धास्ती, गोळीशी दोस्ती

“पंप नको हो डॉक्टर, गोळीच लिहून द्या. पंपाची सवय लागते.” आणि “मागच्या वेळची ती बारीक पांढरी गोळी द्या पाच दिवसांची, धाप पुन्हा सुरू झालीये.” पहिलं वाक्य डॉक्टरांच्या केबिनमध्ये ऐकू येतं, दुसरं औषधाच्या दुकानात. घाटकोपरमध्ये पंतनगरच्या इमारती असोत की असल्फ्याच्या टेकडीवरची घरं, ज्या घरात दमेकरी आहे तिथे ही दोन्ही वाक्यं कधी ना कधी बोलली गेलेली असतात. कित्येकदा एकाच माणसाकडून.

गंमत अशी, की दमा आटोक्यात ठेवणारा पंप आणि ती पांढरी गोळी या दोन्हींत एकाच कुळातलं औषध असतं : कॉर्टिकोस्टेरॉईड. पंपात बहुधा ब्युडेसोनाईड, गोळीत बहुधा प्रेडनिसोलोन. पंपाच्या एका दिवसाच्या मात्रेत ते साधारण २०० ते ४०० मायक्रोग्रॅम असतं. दम्याचा जोराचा झटका आला की मोठ्या माणसाला गोळीतून दिवसाला ४० मिलिग्रॅम, म्हणजे ४० हजार मायक्रोग्रॅम दिलं जातं. दोन्ही औषधांची ताकद सारखी नसल्यामुळे ही तुलना ढोबळच, पण त्यातून अंदाज येतो. पंपातलं औषध थेट श्वासनलिकेत उतरतं, गोळीतलं रक्तात मिसळून डोळ्यांपासून हाडांपर्यंत सगळीकडे पोचतं. स्टेरॉईडला वचकून असायला हवंच. पण आपण जिथे धोका सर्वांत कमी तिथे घाबरतो आणि जिथे खरोखर जपायला हवं तिथे बिनधास्त असतो.

नोबेलपासून बदनामीपर्यंत

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या वर एकेक छोटी अधिवृक्क ग्रंथी असते. ती रोज कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक तयार करते. रक्तदाब, रक्तातली साखर, आजारपणाचा आणि अपघाताचा ताण सोसणं, दाह आवरणं ही त्याची कामं. औषध म्हणून मिळणारी कॉर्टिकोस्टेरॉईड्स ही याच संप्रेरकाची भावंडं. व्यायामशाळांमध्ये पिळदार दंडांसाठी चोरून घेतली जाणारी स्टेरॉईड्स वेगळी, ती पुरुष-संप्रेरकाच्या जातीची असतात. नावातल्या सारखेपणामुळे एकाची बदनामी दुसऱ्याला चिकटली आहे.

सप्टेंबर १९४८मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं. काही दिवसांतच ती चालू लागली. दोनच वर्षांत, १९५०मध्ये, हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळालं. इतक्या लवकर नोबेल मिळालेली औषधं थोडी. पण तोवर नाण्याची दुसरी बाजूही पुढे आली होती : सुजून गोल झालेले चेहरे, वाढलेली साखर, ठिसूळ हाडं, औषध थांबवताच उसळून परत येणारा आजार. पुढची सत्तर वर्षं संशोधकांनी मुख्यतः एकाच प्रश्नावर खर्च केली : हे औषध जिथे हवं तिथेच कसं पोचवायचं, आणि बाकीच्या शरीराला त्याची झळ कशी लागू द्यायची नाही? दम्याचा पंप हे त्याचं एक उत्तर, आतड्यात जाऊन उघडणारी कॅप्सूल हे दुसरं.

श्वासनलिकेचं दुखणं

घाटकोपरच्या एका अंगाला पूर्व द्रुतगती महामार्ग, दुसऱ्या अंगाला अखंड वाहता एलबीएस मार्ग, मध्ये पुनर्विकासाची धूळ आणि पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंती. दक्षिणेला हाकेच्या अंतरावर देवनारची कचराभूमी, जिला जानेवारी २०१६मध्ये लागलेल्या आगीचा धूर पूर्व उपनगरांनी कित्येक दिवस गिळला. दम्याची प्रवृत्ती असलेल्याला झटका यायला याहून वेगळं काही लागत नाही. जागतिक रोगभार अभ्यासानुसार भारतात दम्याचे सुमारे साडेतीन कोटी रुग्ण आहेत. जगातल्या एकूण दमेकऱ्यांपैकी ते १३ टक्के भरतात, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत भारताचा वाटा ४० टक्क्यांच्या वर जातो. आजार तोच, औषधंही तीच, तरी माणसं जास्त मरतात. याचं एक मोठं कारण म्हणजे दाह शमवणारं औषध नियमित घेतलंच जात नाही.

दम्यात दोन गोष्टी घडतात. श्वासनलिकेभोवतीचे स्नायू आवळतात आणि तिचं आतलं अस्तर सुजतं. आपल्याकडे घरोघरी असलेला निळा पंप, म्हणजे साल्ब्युटामोल, फक्त स्नायू सैल करतो. काही मिनिटांत मोकळं वाटतं, म्हणून तोच प्रिय. सूज मात्र आत तशीच राहते, किंबहुना वाढत जाते. ती उतरवतं स्टेरॉईड. त्याचा गुण यायला वेळ लागतो आणि लगेच ‘मोकळं’ वाटत नाही, त्यामुळे ते आधी बंद केलं जातं. दम्याच्या उपचारांची आंतरराष्ट्रीय दिशा ठरवणाऱ्या ‘जिना’ या संस्थेने २०१९मध्ये स्पष्टच सांगितलं, की प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांनी नुसत्या निळ्या पंपावर राहू नये. पंपातून स्टेरॉईड हवंच. ब्युडेसोनाईड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप आता झटक्याच्या वेळीही वापरता येतो, तो त्यामुळेच.

हा पंप आपल्याला परका नाही. घाटकोपरला लागूनच असलेल्या विक्रोळीत १९६०पासून ‘सिप्ला’चा कारखाना होता. याच मुंबईकर कंपनीने १९७८मध्ये दम्याच्या पंपांचं उत्पादन देशात सुरू केलं. आज शहरातल्या कोणत्याही औषध दुकानात पंप मिळतो, कॅप्सूल टोचून ओढायची पावडरही मिळते. शिकवलं जात नाही ते वापरायचं तंत्र. पंप दाबणं आणि श्वास ओढणं यांची वेळ चुकली, की औषध घशातच अडकतं. स्पेसर नावाची प्लॅस्टिकची नळी मध्ये लावली तर मुलांनाही आणि आजी-आजोबांनाही ते जमतं. नंतर खळखळून चूळ भरून पाणी थुंकायचं. नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते, आवाज बसतो. मुलांच्या उंचीची काळजी आयांना असते. पंपातल्या स्टेरॉईडमुळे उंचीत पडणारा फरक साधारण एक सेंटिमीटरचा असतो. रात्र-रात्र खोकणाऱ्या, शाळा बुडवणाऱ्या, वारंवार गोळ्या खाणाऱ्या मुलाचं नुकसान त्याहून कितीतरी मोठं असतं.

एक इशारा मात्र हवा. धाप म्हणजे दमाच, असं नाही. कबुतरांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीमुळे फुफ्फुसांना होणारा ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’ वेगळा आजार आहे. त्यातही स्टेरॉईड देतात, पण खिडकीतली कबुतरं गेल्याशिवाय फार उपयोग होत नाही. जुलै २०२५मध्ये राज्य सरकारने मुंबईतले कबुतरखाने बंद करायला सांगितले, तेव्हा भूतदयेचा वाद बराच गाजला. या आजाराची चर्चा त्या मानाने कमी झाली.

आतड्याचं दुखणं

आता दुसरा आजार, ज्याविषयी माणसं शेजाऱ्यालाही सांगत नाहीत. वारंवार जुलाब, शौचातून रक्त, पोटात पीळ, वजनात घट. घरात आधी ठरतं ‘मूळव्याध असेल’, मग ‘आव पडलीये’, मग ‘बाहेरचं खाल्लं’. महिनोन् महिने अंगावर काढल्यावर कोलोनोस्कोपी होते आणि नवं नाव कळतं : अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स. पहिल्यात मोठ्या आतड्याचं अस्तर सोलवटतं, दुसऱ्यात तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, खोलवर दाह होतो. दोन्हींत शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच आतड्यावर उलटलेली असते.

१९५५मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी कोलायटिसच्या २१० रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष मांडले. कॉर्टिसोन मिळालेल्यांपैकी ४१ टक्क्यांचा आजार पूर्ण शांत झाला, न मिळालेल्यांपैकी १६ टक्क्यांचा. जीवघेण्या दुखण्यावर पहिल्यांदा भरवशाचं हत्यार मिळालं. आजही जोराच्या झटक्यात प्रेडनिसोलोन साधारण ४० मिलिग्रॅमपासून सुरू करून दर आठवड्याला थोडं थोडं कमी करत सहा ते आठ आठवड्यांत थांबवतात. दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, सोबत ताप किंवा वाढलेली नाडी असेल तर ते काम घरच्या गोळ्यांचं नाही. रुग्णालयात दाखल होऊन शिरेतून स्टेरॉईड घ्यावं लागतं, आणि तिसऱ्या दिवशी उतार दिसला नाही तर पुढच्या औषधाचा किंवा शस्त्रक्रियेचा निर्णय करावा लागतो.

पंपातलं ब्युडेसोनाईड इथे पुन्हा भेटतं. त्याची कॅप्सूल किंवा गोळी अशी बनवलेली असते, की ती जठरात विरघळत नाही, लहान आतड्याच्या शेवटी किंवा मोठ्या आतड्यात उघडते. तिथलं काम झाल्यावर रक्तात शिरलेल्या औषधापैकी सुमारे ९० टक्के यकृत पहिल्याच फेरीत निकामी करतं. सौम्य ते मध्यम आजारात त्यामुळे उरलेल्या शरीराला झळ कमी लागते. अर्थात दम्याच्या पंपाने आतडं बरं होत नाही आणि आतड्याच्या कॅप्सूलने धाप थांबत नाही. औषध एक, पत्ते दोन.

मुंबईत आणखी एक फार महत्त्वाची गोष्ट आड येते : क्षयरोग. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स दिसायला इतके सारखे, की तपासणीचे तुकडे पाहूनही कधीकधी छडा लागत नाही. क्षय असताना स्टेरॉईड दिलं तर सुरुवातीला बरं वाटतं आणि आत जंतू मोकाट सुटतात. म्हणून आपल्याकडचे पोटविकारतज्ज्ञ शंका असेल तर आधी दोन-तीन महिने क्षयाची औषधं देऊन पुन्हा दुर्बीण घालतात. रुग्णाला ही टाळाटाळ वाटते. प्रत्यक्षात ती सावधगिरी असते.

दोन्ही आजार एकाच देहात

दमा असलेल्यांना आतड्याचा हा दाह होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते. दोन्ही आजार एकाच माणसाला जडले, तर स्टेरॉईडची गोळी एका दगडात दोन पक्षी मारते. कोलायटिससाठी सुरू केलेल्या प्रेडनिसोलोनने दमाही गप्प होतो, आणि माणूस पंप कपाटात टाकून देतो. मग आठव्या आठवड्यात गोळी संपते आणि धाप परतते. दोष कोलायटिसच्या डॉक्टरांवर जातो. उलटही घडतं : धापेसाठी वरचेवर घेतलेल्या गोळ्यांनी आतड्याचा आजार झाकला जातो आणि निदान लांबतं. छातीच्या डॉक्टरांना पोटाची आणि पोटाच्या डॉक्टरांना छातीची औषधं सांगणं हे यावरचं साधं उत्तर. अंगदुखीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या काही दमेकऱ्यांना आणि आतड्याच्या रुग्णांना त्रास देतात, हेही दोघांना विचारून घ्यावं.

जपायचं कुठे?

स्टेरॉईड आजार शमवतं, कायमचं रोखत नाही. कोलायटिस शांत ठेवायला मेसालामाइन, अझाथायोप्रीन किंवा बायोलॉजिक इंजेक्शनं लागतात. दमा शांत ठेवायला रोजचा पंप. गोळीचा कोर्स संपल्यावर ही दुसरी फळी नसेल तर माणूस पुन्हा गोळीकडेच येतो. दम्याचा पाच-सात दिवसांचा एक कोर्स निरुपद्रवी वाटतो. पण आयुष्यभरातली एकूण मात्रा अर्धा ते एक ग्रॅमच्या घरात गेली, की मधुमेह, मोतीबिंदू, हाडांची झीज यांचा धोका वाढू लागतो, असं संशोधन सांगतं. असे चार कोर्स झाले तरी तो आकडा गाठला जातो. २०२१मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीने महाराष्ट्राला जो हिसका दाखवला, त्यात अनियंत्रित मधुमेह आणि गरजेपेक्षा जास्त स्टेरॉईड यांची जोडी मोठी होती. तेच स्टेरॉईड योग्य रुग्णाला, योग्य मात्रेत देऊन प्राणवायूवरच्या हजारोंचे जीव वाचले, हेही तितकंच खरं.

तीन आठवड्यांहून जास्त काळ गोळी चालली, तर अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं काम थांबवते. अशा वेळी बरं वाटतंय म्हणून गोळी एकदम सोडली, तर रक्तदाब आणि साखर घसरून जिवावर बेतू शकतं. गोळी सकाळी, खाऊन घ्यावी. ती चालू असताना साखर, रक्तदाब, डोळे तपासावेत आणि कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाबद्दल विचारावं. दात काढायचा असो की शस्त्रक्रिया, त्या डॉक्टरांना आधी सांगावं.

सर्वांत मोठा धोका मात्र नाव नसलेल्या औषधात आहे. ‘दम्यावर हमखास उपाय’ म्हणून कागदात बांधून मिळणारी पुडी, लेबल नसलेल्या गोळ्या, एका दिवसात भूक आणि हुशारी आणणारं चूर्ण. दिल्लीतल्या डॉक्टरांनी २०००मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा पर्यायी औषधांच्या अनेक नमुन्यांत स्टेरॉईड सापडलं होतं. जुनाट दमा चोवीस तासांत पळवणाऱ्या पुडीत काय असेल, याचा अंदाज करायला प्रयोगशाळा लागत नाही. प्रेडनिसोलोन कायद्याने ‘अनुसूची एच’मधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणारं औषध आहे. ते मागणारे आपणच असतो, तेव्हा दोष एकट्या दुकानदाराचा नाही.

तेव्हा घरात दम्याचा किंवा कोलायटिसचा रुग्ण असेल, तर गेल्या वर्षभरात स्टेरॉईडच्या गोळ्या किती वेळा घ्याव्या लागल्या, ते आज मोजा. दोन किंवा त्याहून जास्त वेळा असेल, तर आजार आटोक्यात नाही. चालू गोळी मनाने बंद करू नका, पण तज्ज्ञांना गाठा. घाटकोपर पूर्वेला महापालिकेचं राजावाडी रुग्णालय आहे. शीव, केईएम आणि नायरमध्ये पोटविकारांचे स्वतंत्र विभाग आहेत. जाताना सगळ्या चिठ्ठ्या आणि घरातले सगळे पंप सोबत न्या, आणि पंप कसा ओढता ते डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवा.