पदरमोड

पाश्चात्त्य देशांत आजीचा एप्रन जपून ठेवणारी पुष्कळ घरे आहेत. स्वयंपाक करताना अंगावरच्या कपड्यांवर बांधायचा तो एक साधा कापडाचा तुकडा. परंतु त्यावरचे डाग आणि ठिगळे पाहून नातवंडांना सारे घर आठवते. आपल्याकडे एप्रन रूढ झाला तो दवाखान्यात आणि प्रयोगशाळेत. स्वयंपाकघरात त्याचे काम पदरानेच केले. चुलीवरचा तापलेला गंज उतरवायचा तो पदराने धरून, घाम टिपायचा तो पदराने, मुलाचे नाक पुसायचे तेही पदरानेच. आणि अडीअडचणीचे चार पैसे बांधायचे ते त्याच्याच गाठीत.

संग्रामपूरसारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यात हे कापड उंबरठ्यापाशी थांबत नाही. कपाशी फुटली की वेचणीला निघालेल्या बाया लुगड्याची किंवा एखाद्या जुन्या धडप्याची कमरेला ओटी बांधतात आणि बोंडाबोंडातून निघालेला कापूस तिच्यात साठवीत जातात. संध्याकाळी तो तोलला जातो, कारण वेचणीची मजुरी किलोवर ठरते. वऱ्हाडच्या कापसाची मोजदाद नेहमीच चोख झाली. त्याच्यासाठी १८७० मध्ये जलंब ते खामगाव असा रेल्वेचा फाटा टाकला गेला. मात्र वेचणीला येण्यापूर्वी त्याच बाईने पहाटे उठून पाणी भरले, भाकऱ्या थापल्या, सारवण केले, ते कोणत्याही काट्यावर चढले नाही.

अर्थशास्त्राला ही अडचण ठाऊक नव्हती असे नाही. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्येच दाखवून दिले होते की, एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी घरकामवालीशी विवाह केला तर काम तेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते! आम्ही हे उदाहरण वर्गात सांगतो, विद्यार्थी हसतात, आणि तास पुढे सरकतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात असल्याचे आढळले, पुरुषांचा ९७. त्यातही असे काम करणारे पुरुष मुळात शंभरात सव्वीसच होते. भाषा मात्र शास्त्रापेक्षा सावध निघाली. स्वतःजवळचे घालून दुसऱ्याची गरज भागविणे याला मराठीत पदरमोड म्हणतात.

लुगडे विरले म्हणजे त्याची गोधडी होई. बोहारणीला देऊन त्याच्यावर भांडे घेता येई, तरी आईचे किंवा सासूचे लुगडे सहसा तिकडे जात नसे. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाचे थर एकावर एक अंथरायचे आणि धावदोऱ्याने ते शिवीत न्यायचे, हे काम दुपारच्या उसंतीतले. म्हणजे उसंतही कामातच जाई. हिरवा काठ कोणाच्या लग्नातला, तो जांभळा तुकडा कोणाच्या चोळीचा, हे पांघरणाऱ्या मुलांनाही पाठ असे. एप्रन पेटीत ठेवला जातो. गोधडी रोज अंगावर असते, म्हणून ती फाटतेही.

आता हे कापडच दुर्मिळ झाले आहे. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणानंतर कृत्रिम धाग्याला मोकळी वाट मिळाली आणि कापूस पिकविणाऱ्या गावांतल्या स्त्रियांच्या अंगावरही सिंथेटिक साडी आली. ती स्वस्त आहे, लवकर वाळते, याचा लाभ बायांनाच झाला हे मान्य केले पाहिजे. पण ती घाम टिपीत नाही, विस्तवाजवळ धोक्याची आहे, आणि तिच्या गोधडीला सुती लुगड्याची ऊब येत नाही. घरात गाऊन आला. त्याला पदर नाही, म्हणून त्यावर ओढणी घेतली जाते. हात पुसायला ती चालते!

या साऱ्याविषयी हळहळणाऱ्यांत आम्हां पांघरणाऱ्यांचाच भरणा अधिक आहे. पदराचा वास आम्हांला आठवतो. त्याला बसलेले चटके आठवत नाहीत. घरात अजून अशी गोधडी असेल तर ती शिवणाऱ्या आजीला किंवा आईला विद्यार्थ्यांनी येत्या सुटीत जरूर विचारावे, की हे लुगडे कोणत्या हंगामाच्या मजुरीतून घेतले, त्याला तेव्हा किती रुपये पडले, आणि ते नेसत होतीस त्या वर्षांत तू पहाटे किती वाजता उठत होतीस. उत्तरे वहीत लिहून ठेवावीत. सांगणाऱ्या बाया आता थोड्या उरल्या आहेत.